मनोरा आणि काळी माती

यवतमाळ नगर समुद्रसपाटीपासून सुमारें ४४५ मीटर उंचीवर वसलेलें आहे. मुंबईहून निघालेला प्रवासी सह्याद्रीचा घाट चढतो, पठारावरून शेंकडों मैल येतो, आणि एवढ्या साऱ्या प्रवासाअंतीं तो समुद्राच्या पातळीपेक्षां जितका उंच येऊन पोहोंचतो, त्याहूनहि अधिक उंची ताइवान बेटावरील एका इमारतीनें जमिनीपासून सरळ उभ्या रेषेंत गांठली आहे. ती इमारत यवतमाळच्याच समुद्रसपाटीपासून मोजलेल्या उंचीशेजारीं उभी केली, तर तिचा शेंडा नगराच्या रस्त्यांवरून आणखी साठ-पासष्ट मीटर वर निघेल. तिचें नांव ताइपेई १०१. जमिनीवर एकशेंएक मजले, जमिनीखालीं पांच, आणि पायथ्यापासून शेंड्यापर्यंत उंची ५०८ मीटर, म्हणजे १६६७ फूट. ३१ डिसेंबर २००४ रोजीं ती लोकांस खुली झाली आणि पुढें पांच वर्षें जगांतील सर्वांत उंच इमारत म्हणून तिचा लौकिक राहिला. ४ जानेवारी २०१० रोजीं दुबई येथील ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा खुला झाला, आणि तो मान तिकडे गेला.

उंचीचे विक्रम असे येतात आणि जातात. ताइपेईच्या मनोऱ्याचें महत्त्व त्याच्या उंचींत नसून त्याच्या रूपांत आहे. गगनचुंबी इमारत ही मूळची अमेरिकन कल्पना. १८८५ सालीं शिकागो नगरांत विल्यम जेनी या स्थापत्यकारानें दहा मजल्यांची एक इमारत लोखंडी सांगाड्यावर उभी केली. तोपर्यंत इमारतीचा भार भिंती वाहात असत. मजले वाढले कीं तळाच्या भिंतींची जाडी वाढे, आणि शेवटीं खोल्यांना जागाच उरत नसे. सांगाडा आल्याबरोबर भिंत भारमुक्त झाली आणि पाळण्यानें जिन्याचे श्रम वांचविले. तेव्हांपासून जगभर जे मनोरे उठले, ते बहुधा कांचेच्या उभ्या पेट्यांसारखेच. न्यूयॉर्कचा मनोरा हाँगकाँगमध्यें आणि हाँगकाँगचा मुंबईत ठेविला, तरी पाहणाऱ्यास ओळखूं येऊं नये, अशी स्थिति झाली. अशा काळांत ताइपेईच्या सी. वाय. ली या स्थापत्यकारानें चिनी पॅगोड्याचें रूप मनांत धरून हा मनोरा रचला. त्यामुळें एक जुना प्रश्न पुन्हां नव्यानें उभा राहिला. परंपरेचें रूप नव्या इमारतीनें घेतलें, तर तें तिच्या अंगावरचें वस्त्र असतें, कीं अंगांतील हाड असतें?

हा प्रश्न दूरच्या बेटाचा म्हणून बाजूस सारतां येत नाहीं. विदर्भांतील गांवोगांवीं नवीं घरें, नवीं देवळें, नवीं सभागृहें उठत आहेत. त्यांतील कित्येकांवर सिमेंटचीं शिखरें बसविलेलीं असतात, कित्येकांना कांचेचे दर्शनी भाग लाविलेले असतात. हीं रूपें कोठून आलीं, तीं येथें काय काम करितात, याचा विचार क्वचितच होतो. म्हणून ताइपेईचा मनोरा आधीं डोळ्यांपुढें स्पष्ट उभा करून मग त्याची परीक्षा करणें उपयुक्त ठरेल.

धान्य मोजण्याचें एखादें माप कल्पनेनें घ्यावें; तळाशीं थोडें अरुंद आणि तोंडाशीं रुंद. त्यावर तसेंच दुसरें, त्यावर तिसरें, अशीं आठ मापें एकावर एक रचावीं. प्रत्येक माप आठ मजल्यांचें. ही झाली मनोऱ्याची मधली आणि मुख्य चळत. सत्ताविसाव्या मजल्यापासून नव्वदाव्या मजल्यापर्यंत हे चौसष्ट मजले येतात. तिच्या खालीं उलट आकाराची, वर निमुळती होत जाणारी पंचवीस मजल्यांची बैठक आहे. आणि चळतीच्या डोक्यावर लहान होत गेलेले मजले व शेवटीं टोंकदार कळस आहे. प्रत्येक मापाचें तोंड भिंतीच्या रेषेबाहेर किंचित् झुकलेलें असल्यामुळें दुरून पाहणाऱ्यास आठ छपरांच्या आठ वळचणी एकावर एक दिसाव्यात, तसा भास होतो. कांच हिरवट रंगाची आहे. त्यामुळें कोणास हा मनोरा पॅगोड्यासारखा दिसतो, तर कोणास बांबूच्या उभ्या काठीसारखा. बुरुडाच्या हातांत बांबू पाहिलेल्या यवतमाळच्या माणसास ही दुसरी उपमा लगेच पटेल; कारण बांबूचें पेर जेथें संपतें, तेथें तो असाच थोडा फुगतो आणि पुढचें पेर सुरू होतें.

धान्याच्या मापाची उपमा केवळ सोयीसाठीं घेतलेली नाहीं. चीनमध्यें ‘दोउ’ नांवाचें धान्य मोजण्याचें जुनें माप आहे. लांकडी देवळांच्या खांबांवर तुळयांना आधार देणारे जे ठोकळे बसवीत, त्यांनाहि त्यांच्या आकारावरून हेंच नांव पडलें. भरलेलें माप म्हणजे समृद्धि, ही भावना तेथेंहि आहे. आठ हा आंकडाहि असाच शुभ. कारण चिनी भाषेंत त्याचा उच्चार भरभराट या अर्थाच्या शब्दाशीं जुळतो. बैठकीच्या वर चारी बाजूंस मधोमध चौकोनी भोंक असलेल्या जुन्या चिनी नाण्याची मोठी आकृति बसविलेली आहे, आणि चळतीच्या कोपऱ्यांवर ‘रुयी’ या मंगलचिन्हाचीं वळणें आहेत. हीं चिन्हें पाहून कोणी म्हणेल कीं, ही सारी वरवरची सजावट झाली. नाण्यांपुरतें तें खरें आहे. तीं काढून टाकलीं तरी मनोरा तसाच उभा राहील. परंतु बाकीच्या आकाराविषयीं असा निकाल देण्यापूर्वीं पॅगोडा म्हणजे काय, हें पाहावयास हवें.

पॅगोड्याचें मूळ भारतांत आहे. बुद्धाच्या अवशेषांवर मातीचा किंवा विटांचा जो अर्धगोल उंचवटा रचीत, तो स्तूप. त्याच्या माथ्यावर चौकोनी कठडा आणि त्यांतून वर गेलेल्या दांड्यावर सन्मानदर्शक छत्र असे. विदर्भांत भंडारा जिल्ह्यांतील पवनी येथें अशा प्राचीन स्तूपांचे अवशेष उत्खननांत सांपडले. पुणें जिल्ह्यांतील कार्ल्याच्या लेण्यांत तर दगडी स्तूपावरील प्राचीन लांकडी छत्र आजहि डोक्यावर उभें आहे. हा स्तूप मध्य आशियाच्या वाटेनें चीनकडे जाऊं लागला, तेव्हां त्याचें रूप वाटेंतच पालटत गेलें. छत्रें एकाचीं अनेक झालीं, बैठक उंच झाली, आणि चीनमध्यें पूर्वीपासून असलेल्या मजल्यामजल्यांच्या टेहळणी बुरुजांशीं त्याचा संयोग होऊन पॅगोडा जन्मास आला. मूळचा अर्धगोल स्तूप आक्रसून शेंड्यावरच्या लहानशा कळसांत राहिला. चीनमधील सर्वांत जुना उभा असलेला विटांचा पॅगोडा सोंग-युए येथील, तो इ. स. ५२३ च्या सुमाराचा असून त्याला बारा बाजू आहेत आणि त्याची उंची सुमारें चाळीस मीटर आहे.

या देवाणघेवाणींत एका प्रवाशाचें नांव महाराष्ट्रास विशेष जवळचें आहे. ह्युएनत्संग हा चिनी भिक्षु इ. स. ६२९ मध्यें स्वदेशाहून निघाला आणि ६४५ मध्यें परतला. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यांत तो येऊन गेला. महाराष्ट्रांतील लोकांचा मानीपणा आणि उपकाराची जाण त्यानें नमूद केली, आणि डोंगरांत कोरलेल्या ज्या विहाराचें त्यानें वर्णन केलें, तो अजिंठ्याचा असें बहुतेक विद्वान् मानतात. त्यापूर्वीं तो दक्षिण कोसलांत गेला होता. त्या देशाची राजधानी नेमकी कोठें होती, याविषयीं मतभेद आहेत; परंतु ज्या स्थळांचीं नांवें संशोधकांनीं सुचविलीं, त्यांत वणीपासून वर्धा नदीपलीकडे असलेलें भांदक हें एक आहे. भांदकजवळच्या विजासन टेकडींत बौद्ध लेणीं आजहि आहेत. कोसलच्या वर्णनांत ह्युएनत्संगानें नागार्जुनासाठीं एका सातवाहन राजानें डोंगर पोखरून करविलेल्या पांच मजली विहाराची हकीकत दिली आहे. मजल्यांवर मजले चढविण्याची कल्पना तेव्हां या बाजूच्या लोकांच्या बोलण्यांत होती, एवढें तरी त्यावरून निश्चित कळतें.

हाच ह्युएनत्संग स्वदेशीं परतल्यावर बरोबर आणलेले ग्रंथ सुरक्षित ठेवण्यासाठीं इ. स. ६५२ मध्यें आजच्या शीआन नगरांत एक पॅगोडा बांधवूं लागला. त्याची रचना भारतीय पद्धतीवर पांच मजल्यांची होती, आणि त्याच्या चरित्रकारानें लिहून ठेविलें आहे कीं, वृद्धत्वाकडे झुकलेला हा पंडित स्वतः विटा वाहून नेत असे. मातीचा गाभा असलेली ती इमारत फार दिवस टिकली नाहीं. इ. स. ७०१ ते ७०४ या काळांत ती पुन्हां बांधण्यांत आली; पुढें भूकंपांनीं आणि डागडुजींनीं तिचें रूप बदलत गेलें. आज ती सात मजली असून चौसष्ट मीटर उंच आहे. म्हणजे ताइपेईचा मनोरा ज्या रूपाचा वारसा सांगतो, त्या रूपाच्या एका मोठ्या दुव्याचें टोंक महाराष्ट्रांतून गेलेल्या माणसाच्या हातांत होतें. स्तूप येथून गेला, आणि तेथील कारागिरांनीं त्याला तेथील हवेंत वाढविलें. उसनें घेणें कसें असावें, याचा हा नमुनाच होय.

आतां परीक्षेचा भाग. पॅगोडे उंच आणि सडपातळ. चीन आणि जपान हे भूकंपांचे व वादळांचे देश. तरीहि यिंगश्यान येथील सदुसष्ट मीटर उंचीचा, इ. स. १०५६ मध्यें उभारलेला लांकडी पॅगोडा आज साडेनऊशें वर्षें उभा आहे. त्याचें रहस्य दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे त्याचे सांधे. खांब आणि तुळया यांच्यामध्यें ‘दोउ’ ठोकळे आणि कमानदार आडवे तुकडे यांचे घोस बसविलेले आहेत. भूकंपाचा धक्का आला कीं हे शेंकडों तुकडे एकमेकांवर घांसतात, थोडेथोडे सरकतात, आणि धक्क्याची शक्ति त्या घर्षणांत खर्ची पडते. ताठ सांधा जेथें तुटला असता, तेथें हा सांधा कुरकुरून शांत होतो. दुसरी गोष्ट बाहेरून दिसत नाहीं. हा पॅगोडा बाहेरून पांच मजल्यांचा दिसतो. परंतु त्याच्या आंत, दोन मजल्यांच्या मध्यें, चार छुपे मजले आहेत. त्यांत तिरप्या लांकडांचे आधार देऊन कडेकोट जाळें केलेलें आहे. पिंपाला जसे ठराविक अंतरावर लोखंडी पट्टे असतात, तसे हे चार पट्टे साऱ्या मनोऱ्यास आवळून धरितात.

ताइपेईच्या मनोऱ्याचा सांगाडा पाहिला म्हणजे हे पट्टे तेथें पुन्हां भेटतात. मनोऱ्याच्या गाभ्यांत सोळा खांब आहेत आणि बाहेरच्या चारी बाजूंस प्रत्येकीं दोन असे आठ प्रचंड खांब आहेत. हे पोलादी पेटीच्या आकाराचे असून बासष्टाव्या मजल्यापर्यंत त्यांत काँक्रीट भरलेलें आहे. आंतला गाभा आणि बाहेरचे खांब सुटे राहिले असते, तर वाऱ्यानें मनोरा वेताच्या छडीसारखा वांकला असता. म्हणून ठराविक मजल्यांनंतर, सामान्यतः एका मापाच्या शेवटीं, तिरप्या पोलादी दांड्यांची कैची घालून दोघांना जखडून टाकलें आहे. बाहेरून जेथें मापाचें तोंड दिसतें, तेथेंच आंत हा आंवळपट्टा आहे. बांबूच्या पेराच्या सांध्यावरहि आंतून पडदा असतो आणि त्याच्याच बळावर पोकळ बांबू उभा राहतो. येथें तरी रूप आणि हाड एक आहेत.

दुसरें उदाहरण कोपऱ्यांचें. मनोऱ्याचा आडवा छेद घेतला तर तो साधा चौरस नाहीं; चारी कोपरे पायऱ्यापायऱ्यांनीं आंत कापलेले आहेत. अणकुचीदार कोपऱ्यावरून वारा वाहूं लागला कीं त्याच्या मागें भोंवरे उठतात; ते एकदां डावीकडून, एकदां उजवीकडून असे ठेक्यानें सुटतात, आणि झोंपाळ्यास वेळेवर दिलेल्या झोक्यांप्रमाणें मनोऱ्याचें झुलणें वाढवितात. प्रतिकृति करून वाऱ्याच्या बोगद्यांत तपासली, तेव्हां कोपरे असे मोडल्यानें वाऱ्याचा ताण सुमारें चतुर्थांशानें घटतो असें आढळलें. महाराष्ट्रांतील हेमाडपंती देवळें ज्यांनीं निरखून पाहिलीं आहेत, त्यांना कोपरा मोडण्याची ही रीत नवी वाटणार नाहीं. यवतमाळनजीकच्या लोहारा येथील कमळेश्वरासारखीं जीं जुनीं दगडी देवळें जिल्ह्यांत आहेत, त्यांच्या घराण्यांत चौरस गाभाऱ्याची बाहेरची भिंत अनेकदां कोनाकोनांनीं पुढेंमागें केलेली असते. तेथें हेतु वाऱ्याचा नव्हता. छायाप्रकाशाचा खेळ आणि शिखराच्या रेषांचा ओघ हा तेथील हेतु होता. भिंतीस मिळणारी जाडी आणि मजबुती हा त्याचा लाभ. एकाच युक्तीनें दोन देशांत दोन कामें केलीं.

तिसरें उदाहरण सर्वांत प्रसिद्ध आहे. ब्याण्णवाव्या मजल्यापासून सत्याऐंशीव्या मजल्यापर्यंतच्या पोकळींत पोलादी दोरांवर ६६० टन वजनाचा एक गोळा टांगलेला आहे. साडेबारा सेंटिमीटर जाडीच्या एकेचाळीस पोलादी चकत्या एकावर एक सांधून तो केला. त्याचा व्यास साडेपांच मीटर. वाऱ्यानें मनोरा पूर्वेकडे झुकला, कीं हा जड लंबक जडत्वानें मागें राहतो आणि मनोऱ्यास पश्चिमेकडे ओढतो. गोळ्याखालीं बसविलेले तेलाचे दट्टे त्याच्या हालचालीची शक्ति उष्णतेंत रूपांतरित करून टाकितात. यामुळें मनोऱ्याचें झुलणें सुमारें चाळीस टक्क्यांपर्यंत कमी होतें. ऑगस्ट २०१५ मधील सुदेलोर वादळांत हा गोळा मध्यबिंदूपासून एक मीटरपर्यंत सरकला होता. बहुतेक इमारतींत असलीं यंत्रें लपविलेलीं असतात. येथें मात्र गोळा सोनेरी रंगानें रंगवून प्रेक्षकांसमोर ठेविला आहे. देवळांत टांगलेल्या घंटेकडे पाहावें, तसे लोक त्याच्याकडे पाहतात.

तथापि गुणांबरोबर मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. लांकडी पॅगोड्याचा सांधा हालून वांचतो. ताइपेईचा सांगाडा घट्ट जखडून आणि लंबक टांगून वांचतो. दोघांचें तत्त्व पूर्णपणें एक नव्हे, आणि तें एक आहे असें सांगणें म्हणजे जाहिरात होय. पॅगोडा हा राहण्यासाठीं नव्हता. पूजेसाठीं आणि स्मरणासाठीं होता. हा मनोरा व्यापारी कचेऱ्यांसाठीं आहे. पांचव्या मजल्यावरून एकोणनव्वदाव्या मजल्यावर सदतीस सेकंदांत नेणाऱ्या पाळण्यांवांचून त्याचा कारभार चालावयाचा नाहीं. आणि त्याच्या उभारणीस मनुष्यबळि लागला, हेंहि विसरतां येत नाहीं. ३१ मार्च २००२ रोजीं काम चालूं असतां मोठा भूकंप झाला. वरच्या मजल्यांवरील दोन याऱ्या उन्मळून खालीं कोसळल्या आणि पांच माणसें मृत्युमुखीं पडलीं. तपासणींत सांगाड्यास मात्र इजा आढळली नाहीं. ३ एप्रिल २०२४ रोजीं बेटाच्या पूर्वकिनाऱ्यास मोठा भूकंप हादरवून गेला, तेव्हांहि मनोरा सुरक्षित राहिला. त्यानें आपली परीक्षा दिली. पण तिचें मोल बांधणाऱ्यांनीं आधींच भरलें होतें.

पॅगोड्याचें रूप घेणारा हा एकटाच मनोरा नव्हे. १९९९ सालीं शांघायमध्यें पूर्ण झालेला अठ्ठ्याऐंशी मजल्यांचा जिनमाओ मनोरा शिकागोच्या एका संस्थेनें रचला. तो ४२० मीटरांहून उंच आहे, आणि त्याचे टप्पे वर जातांना ठराविक प्रमाणांत आंखूड होत जातात, जसे पॅगोड्याचे मजले होतात. महाराष्ट्रापुरतें पाहावयाचें, तर मुंबईजवळ गोराई येथें २००९ सालीं खुला झालेला विपश्यना पॅगोडा आहे. त्याचें बाह्य रूप ब्रह्मदेशांतील श्वेडगाँव पॅगोड्याचें. परंतु श्वेडगाँव आंतून भरीव, तर गोराईचा पोकळ. सुमारें २८० फूट व्यासाच्या दगडी घुमटाखालीं मध्यें एकहि खांब नसतांना हजारों माणसें ध्यानास बसूं शकतात. जोधपुरी दगड एकमेकांत अडकवून हा घुमट पेलला आहे. चुन्यावांचून दगडांत दगड बसविणाऱ्या हेमाडपंती कारागिरांस ती रीत पाहून आनंदच झाला असता. येथेंहि उसनें घेतलेलें रूप नव्या गरजेसाठीं आंतून नव्यानें विचारांत घेतलें गेलें, म्हणूनच तें जिवंत वाटतें.

येथवर मनोऱ्याच्या शेंड्याकडे पाहिलें. परंतु यवतमाळ जिल्ह्यास त्याचा खरा धडा शेंड्याकडून मिळावयाचा नाहीं. तो पायाकडून मिळावयाचा आहे. ताइपेई नगर एका प्राचीन सरोवराच्या खोऱ्यांत वसलें आहे. तेथील वरची माती मऊ आणि चिकण. तिच्यावर एवढा भार ठेवणें म्हणजे ओल्या चिखलांत पहार उभी करणें होय. म्हणून मनोऱ्याखालीं ३८० खांब जमिनींत उतरविले. ते भूपृष्ठापासून ऐंशी मीटर खोल जातात, आणि त्यांतील सुमारें तीस मीटर भाग खडकांत रुतलेला आहे. मनोरा मातीवर उभा नाहीं; माती भेदून खडकावर उभा आहे.

यवतमाळची काळी कपाशीची जमीन हीहि चिकणच, आणि तिचा स्वभाव आणखी अवघड. ती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आटून भेगाळते. वैशाखांत तिच्या भेगांत हात सहज जातो. कापसास हा स्वभाव मानवतो, घरास मानवत नाहीं. पाया उथळ असला कीं दरवर्षीं जमीन त्याला वर लोटते आणि खालीं सोडते, आणि दोनचार वर्षांतच दारांखिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा धांवूं लागतात. पूर्वजांना हें नीट ठाऊक होतें. मराठी भाषेनेंच त्याची नोंद करून ठेविली आहे. शेतीची जमीन ती ‘काळी’ आणि गांव वसण्याची जागा ती ‘पांढरी’. काळीवर पीक घ्यावें, पांढरीवर घर बांधावें, असा हा विवेक. पाया खणावयाचा तर ‘मुरूम लागेपर्यंत’ खणावा, हें वचनहि त्याच अनुभवांतून आलेलें आहे. ताइपेईच्या स्थापत्यविशारदांनीं खडक लागेपर्यंत खांब उतरविले, त्यांतील तत्त्व तेंच.

आज गांवें वाढलीं, पांढरी अपुरी पडली, आणि वस्ती काळीवर सरकली. हें टाळतां येण्याजोगें नाहीं. पण काळीवर घर बांधावयाचें असेल, तर काळीचे नियम पाळले पाहिजेत. माती थोडी असेल तर ती उकरून मुरूम भरावा. खोल असेल तर तळाशीं कंदासारखा फुगीर भाग असलेले लहान काँक्रीटचे खांब, जेथें ओल वर्षभर सारखी राहते तेवढ्या खोलीपर्यंत उतरवावे. ही रीत भारतीय संशोधकांनीं काळ्या मातीसाठीं सिद्ध केलेली आहे. घराभोंवतीं फरशीचा पट्टा करून पागोळ्यांचें पाणी पायापासून दूर न्यावें. या कामास आठ मजल्यांचीं मापें लागत नाहींत आणि सोनेरी गोळाहि लागत नाहीं. लागतो तो विचार. परंतु घर बांधणारा गृहस्थ बहुधा दर्शनी भागाच्या नक्षीवर खर्च करितो, आणि जमिनीखालीं जें कोणास दिसावयाचें नाहीं, तेथें काटकसर करितो.

या काटकसरीचें फळ काय असतें, हें महाराष्ट्रानें एकदां भोगलेलें आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे लातूर जिल्ह्यांतील किल्लारी परिसरांत भूकंप झाला आणि सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. तेथील घरांच्या भिंती जाड दगडांच्या होत्या, पण दगडांना जोडणारी ओली माती केव्हांच सुकून निर्जीव झाली होती. आडवे पट्टे नव्हते, आणि डोक्यावर मातीचीं जड माळवदें होतीं. भिंती दोन पदरांत फुटल्या आणि छप्पर खालीं बसलें. यिंगश्यानच्या लांकडी पॅगोड्यांत जे आंवळपट्टे होते, ताइपेईच्या मनोऱ्यांत जे आहेत, तेच एका खोलीच्या घरालाहि आवश्यक असतात. दारांच्या वर सर्व भिंतींवरून फिरणारा सलोह काँक्रीटचा एक पट्टा हें त्यांचें लहान रूप. तो गवंडी सहज घालूं शकतो. त्याचा खर्च घराच्या मानानें फार थोडा येतो. तिकडे विटांच्या आणि कुडाच्या हलक्या भिंतींनीं आजवर किती जीव वांचविले, याचाहि हिशेब मनांत ठेविला पाहिजे. कोलामांच्या पोडांवर बांबू विणून, मातीनें लिंपून केलेल्या भिंतीस अप्रतिष्ठित मानण्याचें कारण नाहीं; धक्क्यांत लवणें आणि पुन्हां सरळ होणें हा तिचा गुण आहे.

तेव्हां प्रश्न होता तो वस्त्राचा आणि हाडाचा. ताइपेईच्या मनोऱ्यावर कांहीं वस्त्र आहे; नाणीं आणि मंगलचिन्हें हीं तीं वस्त्रें. पण त्याच्या रूपांतील जें टिकण्याजोगें आहे, तें वस्त्र नव्हे. मापांची चळत आंतल्या पट्ट्यांवर बसलेली आहे, मोडलेले कोपरे वाऱ्याशीं बोलून ठरविलेले आहेत, आणि सारा डोलारा खालच्या खडकाला विचारून उभा आहे. स्तूप विटांचा होता, पॅगोडा लांकडाचा झाला, मनोरा पोलादाचा झाला. प्रत्येक वेळीं जुनें रूप नव्या द्रव्याच्या स्वभावास शरण गेलें, आणि म्हणूनच तें जगलें. जें रूप द्रव्यास आणि भूमीस न विचारतां नुसतें चिकटविलें जातें, तें पहिल्या पावसांत पोपडे टाकूं लागतें.

यवतमाळला पांचशें मीटरांचा मनोरा नको आहे. त्याला हवीं आहेत तीं चिरा न जाणारीं घरें, गळती न लागणाऱ्या शाळा, आणि भूमीचा स्वभाव ओळखणारे गवंडी. काळी आणि पांढरी हे दोन शब्द ज्या भाषेनें जपून ठेविले, तिच्या लोकांना हा विवेक कोणी बाहेरून शिकविण्याची गरज नाहीं. दूरच्या मनोऱ्याकडे पाहून त्याची पुन्हां आठवण झाली, एवढेंच त्या मनोऱ्याचें या जिल्ह्यावरील ऋण. आणि एका चिनी भिक्षूनें या भागांतून जें नेलें, त्याच्या बदल्यांत तेराशें वर्षांनंतर आलेली ही परतफेड म्हटली, तरी ती लहान नव्हे.